सावंतवाडीची गंजिफा, वारणेची पानं

दुधाच्या बिलाचे पैसे आमच्याकडे फडताळातल्या पितळी डब्यात असतात. सासूबाईंच्या काळापासूनची ही सोय. गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता त्या डब्यात तीनशे चाळीस रुपये कमी भरले. आधी वाटलं, माझाच हिशेब चुकला असेल. वही दोनदा तपासली. मग धाकट्याच्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकाखाली, चकचकीत कार्डांची गड्डी सापडली. पंखवाले राक्षस, आग ओकणारी जनावरं, तलवारी घेतलेले वीर, आणि प्रत्येकाच्या खाली त्याच्या ताकदीचे आकडे. पाकीट फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि हवं ते कार्ड निघालं नाही की दुसरं पाकीट घ्यायचं! शाळेत मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चालते म्हणे.

तशी मी कोण मोठी शहाणी? लहानपणी कुस्तीगिरांच्या कार्डांसाठी भावाशी झोंबाझोंबी केलेलीच आहे. पण त्या दिवशी ते काही आठवलं नाही. धाकट्याला फाडकन एक ठेवून दिली, आणि तीही दारात उभ्या असलेल्या त्याच्या मित्रासमोर.

पोरगा रडला नाही. कार्डं माझ्या हातात देऊन आत निघून गेला. पुढं आठ-दहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की त्याच्या वह्यांची मागची पानं कोरी आहेत. एरवी ती पानं त्यानं काढलेल्या अजगरांनी आणि राक्षसांनी भरलेली असत. त्यावरून मी रागावतही असे. आता ती कोरी पाहून मात्र जिवाला चुटपुट लागली.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आतेसासूबाईंचं सावंतवाडीहून बोलावणं आलं. "यंदा काही सबब चालायची नाय हां," असं त्यांनी फोनवर बजावलं. यांना रजा नव्हती. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. दोघांना घेऊन मीच निघाले.

आमचं वारणानगर तुमच्यापैकी पुष्कळजणींना साखरेमुळं नाहीतर दुधामुळं ठाऊक असेल. १९५०च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी इथल्या माळावर सहकारी साखर कारखान्याचं काम हाती घेतलं, आणि त्याच्याभोवती शाळा, कॉलेज, दूध संघ, वारणा बझार, मुलांचा बालवाद्यवृंद असं अख्खं गाव उभं राहिलं. एका बाजूला नदी, दुसरीकडे पन्हाळ्याचा डोंगर, आणि हंगाम सुरू झाला की हवेत मळीचा वास! नव्या माणसाला तो सोसत नाही. आम्हांला नाही आला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

कोल्हापूर इथून तीसेक किलोमीटर. तिथून सावंतवाडीची एस.टी. धरली. निपाणी, उत्तूर, आजरा करत गाडी आंबोलीला आली आणि मुलांनी खिडकीला नाकं लावली. आंबोली म्हणजे देशावरचं शेवटचं थंडगार ठाणं. तिथून घाट उतरायला लागलं, की वळणावळणाला हवा बदलते. स्वेटर निघतात, कान दडे धरतात, आणि उसाच्या जागी माड-पोफळी दिसायला लागतात. धाकटा मात्र गप्पच होता. विचारलं तेवढ्याचं उत्तर देई.

सावंतवाडी हे सावंत-भोसल्यांच्या संस्थानाचं गाव. मधोमध मोती तलाव आणि त्याच्या काठाशी राजवाडा. चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. तिथली रंगवलेली आंबे, केळी, सीताफळं टोपलीत मांडली तर पाहुणा चावून बघेल इतकी खरी वाटतात! थोरलीनं भातुकलीचा संच पसंत केला ("माझ्यासाठी नाही गं, शोभेला!"). दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, "राजवाड्यात पानां रंगवतत, ती बघून या." मला वाटलं, विड्याची पानं असतील काहीतरी सजवलेली!

ती पानं म्हणजे गंजिफा. आपल्याकडचे जुने पत्ते, गोल आणि हातानं रंगवलेले.

राजवाड्यातल्या एका दालनात खिडकीच्या उजेडात कलाकार खाली मांडी घालून बसले होते. बायकाही होत्या. प्रत्येकीच्या समोर बांगडीहून लहान अशी गोल चकती आणि हातात अगदी बारीक कुंचला. एक ताई मत्स्यावताराच्या मुकुटावर पिवळे ठिपके देत होत्या. श्वास रोखून एक ठिपका द्यायचा, मग श्वास सोडायचा. आमचा धाकटा त्यांच्यासमोर जो उकिडवा बसला, तो अर्धा तास हलला नाही.

ताईंनी हातातलं काम न थांबवता सगळं समजावून सांगितलं. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात बारा पानं. एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. झाली एकशेवीस! राजाच्या पानावर तो अवतार स्वतः, आणि बाकीच्या पानांवर त्याची खूण. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. सत्तीवर सात मासे, अठ्ठीवर आठ. खूण ओळखली की लिहिता-वाचता न येणारं माणूससुद्धा खेळू शकतं. कोकणातल्या लोकांना हे अवतार काही नवे नाहीत, कारण दशावतारी नाटकं पाहतच ते लहानाचे मोठे होतात.

खेळायला तिघं लागतात आणि प्रत्येकाला चाळीस पानं येतात. हुकूम असा नसतोच. ज्याच्या हातात मोठं पान, त्याचा हात. पण त्यातही मेख आहे. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, आणि उरलेल्या पाच रंगांत उलट, एक्का मोठा! कोणतं पान पडलं, कोणतं राहिलं, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. दिवसा खेळायला बसलं तर सुरुवात रामाच्या राजानं होते, रात्री बसलं तर कृष्णाच्या. हे ऐकून थोरली म्हणाली, "आई, हे तर धाकट्याच्या कार्डांसारखंच आहे की! चित्रं, ताकदीचे आकडे, नियम..." धाकट्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. बोलला काही नाही.

गंजिफा तशी फार लांबून आलेली. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या गंजिफेचं वर्णन अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त केलं आहे. मोगली खेळात आठ रंग आणि शहाण्णव पानं. आपल्या लोकांनी तो खेळ घेतला आणि त्यात आपले देव बसवले. कुणी दशावतार केले, कुणी नवग्रहांच्या नऊ रंगांची एकशेआठ पानं. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांना तर एकोणिसाव्या शतकात या खेळाचा नादच लागला होता. त्यांनी स्वतः नवेनवे जोड आखले. चामुंडेश्वरीच्या नावाचा त्यांचा एक जोड चक्क ३२० पानांचा! म्हणजे मनानं पत्ते रचायची हौस आजकालच्या पोरांचीच असं नाही. राजेलोकसुद्धा तेच करत होते.

श्रीमंतांच्या गंजिफा हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या पाठीच्या असत, आणि सामान्यांच्या कापड-कागदाच्या. पुढं छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि हातानं रंगवलेली पानं मागं पडली. सावंतवाडीतही तेच झालं. १९७०च्या आगेमागे ही कला जाणणारे हात जवळजवळ संपले होते. पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकारांना ती ठाऊक होती. त्यांच्याकडून सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती समजून घेतली, आणि राजवाड्यातच कलाकारांना हाताशी धरून काम सुरू केलं. आज दोघंही हयात नाहीत, पण दालनातलं काम चालू आहे. पुढं १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं आपल्याकडच्या गंजिफांवर ग्रंथ काढला. तिथं त्या काचेच्या कपाटात आहेत. इथं मात्र त्या अजून ओल्या रंगाच्या पाहायला मिळतात.

मैत्रिणींनो, मला राहून राहून एका गोष्टीचं वाटत होतं. एवढ्या राजघराण्यातली बाई, तिला काय कमी? पण एका म्हाताऱ्या कारागिराचं ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ नये, म्हणून ती शिकायला बसली. आणि आपण? माझं सांगते. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी होती. लग्नानंतर कुंचले माहेरच्या माळ्यावर गेले, ते गेलेच. कुणी नको म्हटलं नव्हतं. मीच "आता कुठं वेळ" म्हणून सोडून दिलं. सकाळी अर्धा दिवस शाळा, मग स्वयंपाक, मग मुलांचा अभ्यास. वेळ नव्हता हे खरंच. पण कोरी पानं माझ्या मुलाच्या वहीत दिसली तेव्हा जी चुटपुट लागली, ती स्वतःच्या बाबतीत इतक्या वर्षांत एकदाही लागली नव्हती.

निघताना धाकट्यानं तोंड उघडलं. त्या ताईंना म्हणाला, "एकशेवीसमधलं एक पान हरवलं तर? सगळा जोड फुकट?"

ताई हसल्या. "फुकट कसा? नवीन करून द्यायचं. हातानंच तर केलेलं आहे."

अख्खा जोड विकत घ्यावासा वाटला, पण किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. आणि ती असणारच! एकेका पानाला किती वेळ लागतो ते डोळ्यांनी पाहिल्यावर घासाघीस करायला जीभ रेटली नाही. आठवण म्हणून एक छोटीशी वस्तू घेतली. परतीच्या घाटात धाकटा म्हणाला, "आई, आपण करूया?"

आणि आम्ही केले! कसे केले ते सांगते, म्हणजे सुट्टीत तुम्हांलाही करता येतील.

आधी खळ. जुने कारागीर चिंचोक्याची खळ वापरत. चिंच फोडून झाल्यावर आपण चिंचोके टाकून देतो, ते मूठ-दोन मुठी जपून ठेवा. ते भाजून खलबत्त्यात फोडले की वरची तपकिरी टरफलं सुटतात. आतला पांढरा गर दोन दिवस पाण्यात भिजत घालायचा. पाणी रोज बदलायचं. मग मिक्सरवर गंधासारखा वाटून, पाणी घालून मंद आचेवर शिजवायचा. सारखं ढवळावं लागतं, नाहीतर गाठी होतात. गार झाल्यावर फडक्यातून गाळून घ्यायचा. ही खळ दोन-तीन दिवसच टिकते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

जुन्या सुती पातळाचं धुवट कापड आणि वहीचे कोरे कागद यांचे आलटून पालटून थर खळीनं चिकटवले. पहिला घाणा मी उन्हात वाळवला आणि त्याचे सुरेख पापड झाले! सगळे कडेनं वर वळले. दुसऱ्या वेळी सावलीत, दोन पाटांच्या मध्ये, वर पाटा-वरवंट्याचं वजन ठेवून वाळवले, तेव्हा सपाट राहिले. कुंकवाच्या करंड्याचं झाकण ठेवून गोल आखले आणि जाड कात्रीनं कापले. खडूची पूड खळीत कालवून दोन हात दिले. वाळल्यावर वारणेच्या काठावरून आणलेल्या गुळगुळीत गोट्यानं घासलं, की पृष्ठभाग असा तुळतुळीत होतो की पेन्सिल घसरते. पाठीला गेरूचा रंग दिला.

खळ ढवळता ढवळता मी धाकट्याला म्हटलं, "न विचारता पैसे घेतलेस ते चूकच. पण मित्रासमोर मी मारायला नको होतं. तिथं माझं चुकलं." तो चिंचोके मोजत होता. म्हणाला, "हं." थोड्या वेळानं म्हणाला, "त्यातली आठ कार्डं डबल आली होती." एवढंच! पण त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर पहिला राक्षस आला.

आता पानांवर काढायचं काय? देवांना हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं. "खेळून झाल्यावर पानं पायाखाली येतात तुमच्या," हा त्यांचा मुद्दा. म्हणून मुलांनी आपल्या वारणेचं स्वतःचं राज्य रचलं. चार रंग केले: ऊस, दूध, नदी आणि गड. प्रत्येकी बारा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. हा आकडा सोयीचा, कारण दोघं, तिघं, चौघं कितीही बसले तरी वाटणी सारखी होते. उसाचा राजा हिरव्या मिशांचा आणि बैलगाडीवर बसलेला. नदीची राणी मगरीवर. गडाचा राजा म्हणजे बुरुजालाच हातपाय फुटलेले. आणि दुधाचा राजा? पंख असलेली म्हैस! ती धाकट्यानं एकहाती काढली. प्रधान चारही बायकाच असतील, असा थोरलीचा हट्ट. तो मी लगेच मान्य केला.

काम करता करता जुन्या कारागिरांची अक्कल कळत गेली. मुलांनी पहिल्यांदा प्रत्येक पानात डोंगर, ढग, किल्ले, लढाई असं सगळं कोंबलं. पानं हातात पंख्यासारखी धरली, तर काहीच ओळखू येईना, कारण गोल पानाची फक्त एक फाक दिसते. मग गंजिफेचं आठवलं. प्रत्येक रंगाची जमीन वेगळी, खूण एकच आणि ठसठशीत, कडेला एक रेघ. बस्स! दुधाची जमीन निळी, उसाची पिवळी, नदीची पांढरी, गडाची तांबडी केली. रंग चार-पाचच वापरले. जितकं काढून टाकलं, तितकी पानं जुन्या वळणाची दिसायला लागली. नदी आणि ऊस या रंगांत एक्का मोठा, गड आणि दुधात दश्शी मोठी, हा नियम गंजिफेवरूनच उचलला. शेवटी व्हार्निशचा पातळ हात मीच दिला, खिडक्या उघड्या ठेवून. हे काम मुलांकडे देऊ नये, वासानं डोकं चढतं. आणि हो, कुंचले भावाकडून मागवून घेतले. दोनच कामाचे निघाले, पण निघाले!

अठ्ठेचाळीस पानांना दिवाळीपासून संक्रांत उजाडली. रविवारी दुपारी डाव पडू लागला. यांना अजून नदीचा एक्का मोठा हे लक्षात राहत नाही, आणि सासूबाई मात्र एकदाही चुकत नाहीत.

मार्चमध्ये कारखान्याचा हंगाम संपत आला. एका रविवारी मी डबा उघडून पानं मोजली, तर सत्तेचाळीस! पुन्हा मोजली. दुधाचा राजा नाही. धाकट्याचा चेहरा पाहूनच कळलं.

"कुणाला दिलंस? काय घेतलंस बदल्यात?" माझा आवाज चढला होता.

"काही नाही घेतलं."

त्याच्या वर्गात बीडकडून आलेल्या ऊसतोडणी कामगारांचा एक मुलगा होता. दरवर्षी टोळ्या येतात, मुलं चार-पाच महिने इथल्या शाळेत बसतात आणि हंगाम संपला की जातात. हा दुसऱ्या दिवशी जाणार होता. "त्यांची म्हैस गावाकडंच असते, आजीजवळ," धाकटा म्हणाला. "त्याला ती फार आवडली, आई. आणि त्या ताईंनी सांगितलं होतं ना, हरवलं तर नवीन करून द्यायचं."

मी काय बोलणार! फडताळातून चिंचोक्यांची बरणी काढली आणि मूठभर भाजायला घेतले.

नवी म्हैस जरा जाडच झाली आहे. पंख तिला उचलतील असं वाटत नाही. गेरूही या खेपेला गडद झाला, त्यामुळं पाठीवरूनसुद्धा ते पान कुणाच्या हातात आहे हे चौघांनाही कळतं. खेळाच्या नियमात हे बसत नाही. पण अजून कुणी तक्रार केलेली नाही, आणि तिला बदलायचं कुणी नावही काढत नाही.